पागोट्याची पाटीलकी

माझ्या माहेरी पाटीलकी आहे. आहे असंच म्हणायचं, होती म्हटलेलं चालत नाही. सरकारनं वतनं खालसा केली ती माझ्या जन्माच्या आधी. ज्या गावची ही पाटीलकी, ते गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं तेव्हा मी पाळण्यात होते. नवीन गावठाण माळावर वसवलं. रस्ते सरळ, प्लॉट चौकोनी, सावलीला झाड नाही. जमीन गेली, वेस गेली, चावडी गेली. पाटीलकी तेवढी भांड्याकुंड्यांबरोबर बैलगाडीत बसून माळावर आली.

तिच्यातलं आता काय उरलंय ते आधी सांगते. होळीत पहिली पोळी आमच्या घरची पडते. बैलपोळ्याला पहिला बैल आमचा जातो. यात्रेत देवीपुढं पहिला नारळ आमचा फुटतो. बस्स. त्यातले बैल तर केव्हाच विकले. मग पोळ्याच्या दिवसापुरता आबा, म्हणजे माझे वडील, पाहुण्यांकडून एक बैल मागून आणायचे. तो परगावचा बैल मानानं पुढं चालायचा आणि ज्यांनी घरचे बैल पोटाला चिमटा घेऊन राखले, ती माणसं त्याच्या मागं उभी राहायची. एकदा मी म्हटलं, "आबा, आपला ट्रॅक्टर न्या की पुढं. तो तरी आपला हाय." आबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून आले.

गावात खून-मारामारी झाली, पाण्यात प्रेत सापडलं, तर लोक आमच्याकडं येत नाहीत. पोलीस पाटलाकडं जातात. ते पद परीक्षा देऊन मिळतं. आमच्या गावची पोलीस पाटील एक बाई आहे, बौद्ध वस्तीतली, बी.ए. झालेली. पंचनाम्याला ती उभी राहते, ठाण्यातले फोन तिला येतात. आबा तिला कधी पोलीस पाटील म्हणाले नाहीत. 'त्या बाई' म्हणायचे.

घराण्याचा इतिहास आबांना तोंडपाठ होता. दुष्काळात गाव ओस पडलं, तेव्हा आमच्या मूळ पुरुषानं कुठून कुठून कुळं आणून ते पुन्हा वसवलं आणि बदल्यात पाटीलकी मिळवली, अशी सुरुवात. त्याला दोन मुलगे. थोरल्याचा वंश ती थोरली पाती, धाकट्याचा ती धाकटी. आम्ही थोरल्या पातीचे. होळीत आमची पोळी आधी, धाकटीची नंतर. एका होळीला धाकटीच्या एकानं हात लांब करून आपली पोळी आधी टाकली, तर तिथंच काठ्या निघाल्या, आणि दोन्ही पात्यांची पुढं एक पिढीभर एकमेकांच्या घरची लग्नं सुनी गेली, कुणी कुणाच्या मांडवात पाऊल टाकलं नाही. हे सगळं आबा लढाईचं वर्णन करावं तसं सांगायचे. आम्ही तिघी बहिणी पुरणाची डाळ निवडत ऐकायचो.

त्यातली एक गोष्ट मला लहानपणापासून खटकायची. मधल्या एका पिढीत थोरल्या पातीचा कर्ता पुरुष तरणाताठा गेला. मुलगा अंगावर पिणारा. धाकटी पाती मान हिसकावायला टपलेली. मग काय झालं? आबा सांगायचे, "मग पागोट्यानं पाटीलकी केली." म्हणजे मेलेल्याचं पागोटं चावडीत त्याच्या जागेवर ठेवायचे, आणि कारभार चालायचा. सारा वसूल झाला, शिवेची भांडणं मिटली, होळीला पोळी गेली. पोरगं मिशी फुटण्याएवढं होईपर्यंत हे चाललं.

मी विचारायची, "आबा, पण पागोटं बोलायचं कसं?"

"मागं पडदा लावल्याला आसायचा. पडद्याआड त्याची बायकू बसायची."

"मग पाटीलकी तिनं केली."

"तिनं नुस्तं सांगितलं. केली पागोट्यानं."

आई चुलीपाशी असायची. ती डाळीचं पातेलं जरा जोरात खाली ठेवायची. त्या बाईचं नाव काय, हे आबांना माहीत नव्हतं. मूळ पुरुषापासून खाली सगळ्या बाप्यांची नावं ते एका दमात म्हणायचे. त्यात तान्ह्या पोराचं नाव होतं. तिचं नव्हतं.

तिघी बहिणींची लग्नं झाली. मी बारामतीत राहते. नवरा नोकरी करायचा, आता निवृत्तीला आलाय. माझी उसाच्या रोपांची नर्सरी आहे. उसाचा एकेक डोळा काढून ट्रेमध्ये लावायचा, कोकोपीट घालायचं, ऊब द्यायची, रोप वर आलं की शेतकऱ्याला पोचवायचं. इंदापूरपर्यंत माझी रोपं जातात. धंदा बरा चाललाय. काम कष्टाचं आहे, पण सरळ आहे. उसाला कुणी बाप विचारत नाही. डोळा चांगला असला की रोप येतं.

माहेरचंही बरंचसं मीच बघत होते. आबांचा गुडघा बारामतीत बदलून घेतला तेव्हा दवाखान्यात मी राहिले. माहेरच्या रानात ठिबक मी करून घेतलं. आईचे डोळे, बोअरची मोटर, पाण्याची पाळी, सगळ्याला मी. मला त्याचं ओझं वाटलं नाही आणि उपकारही वाटले नाहीत. जवळ राहणाऱ्यानं करायचंच असतं.

एका सकाळी आबांचा फोन आला. मी ट्रे धुवून घेत होते.

"बाई, पुढल्या महिन्यात चार दिस मोकळी ऱ्हा. दत्तक घेतोय."

मला वाटलं, वासरू-बिसरू घेताहेत. "काय घेताय?"

"पोरगा. तात्याचा धाकटा."

तात्या म्हणजे आबांचे भावकीतले लांबचे चुलतभाऊ, धाकट्या पातीचे. त्यांच्या धाकट्याला मी चांगली ओळखत होते. तिशीला टेकलेला, भारदस्त मिशा, बुलेट चालवणारा. स्वभावानं वाईट नाही. मी नर्सरी सुरू केली तेव्हा शेडचे पाइप त्यानंच वाहून आणले होते.

"आबा, तो तीस वर्षांचा हाय."

"मग? लहान घिऊन त्याचं शी-शू कोन काढणार? तुजी आई?"

"कायद्यानं चालत न्हाय असं. मोठ्या माणसाला दत्तक घेता येत न्हाय."

"कायद्याचा काय संबंध? रान-घर तुमा तिघींचंच हाय, ते कुठं जात न्हाय. फकस्त मानापुरता. माझ्या मागं पोळी कोन नेणार, सांग बरं."

मी म्हटलं, "मी नेते."

पलीकडं आबा हसले. रागावले असते तर परवडलं असतं. "तू नेतीस व्हय!" म्हणाले, आणि बाजूला कुणाला तरी सांगितलं, "अक्का म्हनती मी नेते." तिकडंही कुणीतरी हसलं.

तात्यांना यात काय मिळत होतं, ते मला दोन दिवसांनी कळलं. पोराचं लग्न जमत नव्हतं. आमच्याकडं आता शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही. ऊस असो की द्राक्षबाग असो, मुलीकडचे पहिला प्रश्न नोकरीचा विचारतात. धाकट्या पातीचा धाकटा म्हणजे तर कुणीच नाही. पण 'थोरल्या पातीचे पाटील, गावचे पहिले मानकरी' असं सांगता आलं, की एखादं जुन्या वळणाचं स्थळ वळेल. आबांना वारस हवा होता आणि तात्यांना बायोडेटा. दोघांचं जमलं. दोनशे-तीनशे वर्षं ज्या मानासाठी काठ्या निघाल्या, तो असा दोन म्हाताऱ्यांनी चहा पिता पिता मिटवला.

आईला कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारतीस? मी काय पाटील हाय?" थोड्या वेळानं म्हणाली, "घिऊंदे. पर एक हाय. मला मुलं न्हाईत असं कुणी म्हनायचं न्हाय. तीन बाळंतपणं काढलीत मी. दोन तर त्या छपरात, पावसात, नव्या गावठाणात भिंती उभ्या ऱ्हायच्या आदी. ते कुणी पुसायचं न्हाय."

मी म्हटलं, "कोण म्हणेल तसं?" आणि आबांनाही फोन करून स्पष्ट सांगितलं. विधीत काय म्हणायचं ते आधी बघून घ्या. आईचं एवढंच म्हणणं आहे, बाकी तुमची हौस तुम्ही करा. आबा म्हणाले, "व्हय व्हय. तसं कसं म्हनंल कोन?"

दत्तकाच्या दिवशी अंगणात मांडव होता. फ्लेक्सही लागला होता. वर मूळ पुरुषाचं कुणा चित्रकाराकडून काढून घेतलेलं, मिशा पिळलेलं चित्र, खाली आबा, त्याखाली गॉगल लावलेला आमचा होणारा भाऊ. आम्हा बहिणींचा फोटो नव्हता; तो नसल्याचं मला वाईट वाटलं नाही. स्पीकरच्या परवानगीचं बघायला पोलीस पाटीलबाई आल्या होत्या. मांडवाच्या कडेला उभ्या होत्या. मी त्यांना खुर्ची दिली.

"बसा. जेवूनच जा."

"बसते. पण एवढी गर्दी?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं घरगुती आहे."

"घरगुतीच आहे. सगळं गाव घरात आहे, एवढंच."

त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्याकडंही वतन होतं, ताई. पाटलाच्या घोड्यापुढं पळायचं, मेलेली ढोरं ओढायची, निरोप घेऊन गावोगाव जायचं. धर्म बदलला तसं आमच्या आज्यानं ते एका दिवसात टाकलं. परत वळून बघितलं नाही." फ्लेक्सकडं बघून म्हणाल्या, "तुमचं गोड होतं ना, म्हणून सुटत नाही."

मी त्यांच्यासाठी पाणी आणायला गेले.

दत्तकाला मांडीवर बसवावं लागतं. तान्ह्या पोरासाठीची रीत ती. आबांना गुडघ्यामुळं खाली बसता येईना, म्हणून प्लास्टिकची खुर्ची आणली. नवरदेवासारखा फेटा बांधलेला तो तगडा गडी त्यांच्यापुढं येऊन थांबला. कसं बसावं ते त्याला कळेना. आधी पाठमोरा वळला, मग बाजूनं, मग पुन्हा पाठमोरा.

"आरं बस की! आईच्या मांडीवर बसला न्हायस का कदी?"

"सावकाश रं! आबांचा गुडघा नवा हाय!"

"पोरगं जुनं आन् गुडघा नवा, उलटंच झालं की!"

मांडव हसला. तोही लाजून हसला, आणि सगळं वजन स्वतःच्या पायांवर तोलत आबांच्या मांडीवर नुसता टेकला. कपाळावर घाम आला होता त्याच्या. त्याची आई एका बाजूला खरंच रडत होती. आपलं पोर तिला त्याच गल्लीतल्या चौथ्या घरी द्यायचं होतं, तरी रडत होती. आबांनी त्याच्या डोक्याचा वास घेतला, तोंडात साखर घातली. साखर मिशीला लागली.

मी पेढ्यांचं ताट घेऊन उभी होते. तात्यांनी माइक हातात घेतला. त्यांना भाषणाची आवड. दोन्ही पात्यांचं वैर आज संपलं, गंगा-यमुना एक झाल्या, वगैरे झालं. मग ते म्हणाले, "आमच्या आबांच्या पोटी संतान न्हाय. तवा थोरल्या पातीचा दिवा इझू नये म्हनून…"

संतान नाही. त्यांना बहुतेक 'पुत्रसंतान' म्हणायचं असावं. भटजींनी कागदावर तसंच काही लिहून दिलं असणार. पण स्पीकर चार दिशांना लावलेले होते, आणि 'संतान न्हाय' हे माळावरून खाली पाण्यापर्यंत गेलं.

मी जागची हलले नाही. जरा मोठ्यानं म्हटलं, "तात्या, चुकलं. दुरुस्त करा."

तात्यांनी माइकवर हात ठेवला. "काय चुकलं, बाय?"

"संतान आहे. तीन आहेत. त्यातलं एक तुमच्यासमोर पेढे घेऊन उभं आहे."

बायकांत खसखस पिकली. तात्या गोंधळून आबांकडं बघायला लागले. आता फक्त आबांनी बोलायचं होतं. एक वाक्य. 'मला तीन मुली आहेत' एवढंच, माइकवर किंवा माइकशिवाय. आबांच्या मांडीवर तो मोठा बाप्या टेकलेला, त्याच्या खांद्यावरून आबा माझ्याकडं बघत होते.

ते म्हणाले, "आता ऱ्हाऊ दे. समद्यांना कळलंय काय म्हनायचं ते. म्होरं चालू द्या."

आणि पुढं चालू झालं. भटजींनी आईला बोलावलं. आता आईनं त्याला मांडीवर घ्यायचं होतं. आबांशेजारी तिच्यासाठी दुसरी खुर्ची ठेवलेली. आई बायकांतून उठली, पदर सारखा केला, खुर्चीपाशी आली आणि उभीच राहिली.

"मला संतान न्हाय ना?" आई म्हणाली. माइक लांब होता, पण मांडव इतका गप्प झाला होता की ऐकू गेलं. "मग मांडीबी न्हाय मला."

आणि ती घरात निघून गेली. भटजींनी दोन मंत्र घाईनं म्हटले, सनईवाल्यानं सूर धरला, तात्या म्हणाले, "बायका हळव्या आसत्यात," आणि पंगत बसली. रात्रीच्या जेवणाला तो नवा मुलगा आपल्या जुन्या घरी गेला. त्याच्या आईनं पिठलं केलं होतं.

आईच्या त्या वाक्याचा मला अभिमान वाटला. बहिणींना मी ते किती वेळा ऐकवलं असेल. मला वाटलं, आईनं अख्ख्या पाटीलकीला उत्तर दिलं.

दत्तक मुलाचं लग्न जमलं. सुप्याकडचं स्थळ आलं, जुन्या वळणाचंच. पत्रिकेत 'थोरली पाती' ठळक अक्षरांत होतं. आम्हा तिघींची नावं खाली 'करवल्या' म्हणून छापली होती. मी तेव्हा पन्नाशीला आले होते. करवली म्हणून कलश घेऊन मीही उभी राहिले, कारण मी गेले नसते तर आईला दहा जणींना उत्तरं द्यावी लागली असती. सून चांगली निघाली. होळीला तो मान घेऊन जायचा, पोळी मात्र आईच करायची. वाजंत्री दारात यायची, पोळीवर तुपाची धार पडायची, तो ताट उचलायचा. आई त्याच्याशी बोलायची नाही असं नाही. 'जेवलास का' म्हणायची. 'बाळा' म्हणायची नाही.

आबांची छाती भरायला लागली तेव्हा त्यांना पुन्हा बारामतीला आणलं. माझ्याच घरी, मग दवाखान्यात. आम्ही तिघी पाळीपाळीनं होतो. तो यायचा, खरं सांगायचं तर नेमानं यायचा, फळं आणायचा, कॉटच्या पायाशी उभा राहायचा आणि काय करावं ते न कळून बिलाच्या खिडकीपाशी जाऊन थांबायचा. एका दुपारी मी आबांचे पाय चेपत होते. मनात आलं, आता विचारलं नाही तर राहून जाईल.

"आबा, त्या दिवशी माइकवर तुम्ही का बोलला न्हाय?"

त्यांना कोणता दिवस ते सांगावं लागलं नाही. म्हणजे त्यांच्याही डोक्यात होतं.

"येडी का काय तू? तुमी म्हंजी माझं काळीज. काळीज हाय म्हनून कुणी माइकवर सांगतं का?"

उत्तर चांगलं होतं. बहिणींना सांगितलं तर दोघी रडल्या. मला रडू आलं नाही. मला एवढंच वाटलं, की काळीज म्हटलं की बरं पडतं. काळजाला मान द्यावा लागत नाही, ते आत राहून काम करत राहतं. पागोटं दाखवायला, काळीज राबायला. पण मरणाऱ्या माणसाशी वाद घालत नाहीत. मी पाय चेपत राहिले.

आबा गेले. अग्नी त्यानं दिला. तेही ठीक. तेराव्याच्या दिवशी अंगणात पुन्हा मांडव, पुन्हा तेच स्पीकर. आमच्याकडं तेराव्याला दुखवट्याचे आहेर होतात. हल्ली बाकीच्यांना टोपी-टॉवेल देतात, पण घरच्या वारसाला फेटा बांधावा लागतो. तो बांधला की तो कर्ता झाला. आणि फेटा बांधायचा मान असतो वारसाच्या मामाचा, म्हणजे आईच्या भावाचा.

आमचा मामा आदल्या दिवशीच आला होता. पिशवीत गुलाबी फेट्याचं कापड होतं. आईनं त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. मी तांदूळ निवडत होते.

आई म्हणाली, "दादा, फेटा तू बांधू नगंस."

मामा गडबडला. "आगं, मग कोन बांधणार?"

"कुणीबी बांधू दे. मी त्याला मांडीवर घेतला न्हाय. गावानं बघितलंय. मी आई न्हाय तर तू मामा कसा?"

अगदी बरोबर बोलली. कोर्टातसुद्धा टिकलं असतं. मी मनात म्हटलं, वा. मामानं मान डोलावली. "बरं," म्हणाला. पिशवी खुंटीला अडकवली.

तेराव्याला भटजींनी पुकारा केला, "मामा कोण? मामांनी पुढं यावं." तो पाटावर बसलेला, डोकं नुकतंच भादरलेलं, मिशाही काढलेल्या. मिशांशिवाय तो फार लहान दिसत होता. कुणीच पुढं गेलं नाही. तात्या इकडंतिकडं बघायला लागले. "मामा!" भटजी पुन्हा म्हणाले. पुरुष वळून वळून मामाकडं बघत होते. मामाचा सगळा जन्म चार लोकांत खाली मान घालून गेलेला. तिसऱ्यांदा हाक आली तशी तो उठला, घरात आला, खुंटीची पिशवी काढली. आई दारातच उभी होती.

"दादा," ती म्हणाली.

"आगं, समदं गाव बघतंय," मामा म्हणाला, आणि तिच्या बाजूनं वाट काढून बाहेर गेला.

त्यानं फेटा बांधला. नीट, घट्ट, शेव मागं सोडून. त्याला बांधता चांगला यायचा. तीन जिवंत भाच्या दाराच्या चौकटीत उभ्या होत्या, आणि आमचा एकुलता एक मामा आमच्या आईला मुलगा लावून देत होता. ज्या बाईनं स्वतः मांडी नाही म्हणून सांगितलं, तिच्या नावावर तिच्याच भावानं पोर चढवलं. आई आत गेली आणि पुढच्या पंगतीसाठी मीठ वाढून ठेवायला लागली.

त्यानंतर मी आईला बारामतीला चल म्हणून खूप सांगितलं. ती आली नाही. "माझं घर हितं हाय," म्हणाली. खरंच होतं. तो आणि त्याची बायको आता त्याच घरात राहायला आले होते. तिला वेळेवर चहा मिळतो, सून डोक्याला तेल लावते. मी गेले की सून मला पाण्याचा तांब्या आणून देते आणि म्हणते, "बसा अक्का, पाहुण्यांनी कामं करायची नसतात." ती मनापासून म्हणते. म्हणूनच तिला काही बोलता येत नाही.

गेल्या महिन्यात आईच्या पोटात दुखायला लागलं. मी गाडी घेऊन गेले आणि तिला बारामतीला आणलं. त्याला कारखान्यावर ऊस घालायचा होता, तोड आलेली होती, तो म्हणाला, "अक्का, तुम्ही हाय म्हटल्यावर मला काळजी न्हाय." डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजूतदार होत्या. तपासता तपासता विचारत होत्या. आधी काही ऑपरेशन झालंय का. साखर आहे का. मग म्हणाल्या, "आजी, मुलं किती?"

मी आईच्या पाठीमागं उशी लावत होते.

आई म्हणाली, "एक मुलगा हाय. गावचा पाटील हाय." मग थांबली. "आन् मुली हायत तीन. ही त्यातली."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "बाळंतपणं चार मग?"

"व्हय," आई म्हणाली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा सोनोग्राफीला रांग होती. आई बाकड्यावर बसली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, डॉक्टरला बाळंतपणं खोटी सांगायची नसतात. त्यांना उपचार करायचे असतात."

"आसू दे."

"आणि मुलगा? तू तर मांडी न्हाय म्हणाली होतीस."

आईनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, कशानंच नाही. "तेव्हा तुजा बाप जिता व्हता," ती म्हणाली. "तेव्हा मला रुसायला मानूस व्हतं. आता मुलगा न्हाय म्हनलं की लोकं च्यक् च्यक् करत्यात. डॉक्टरीनबी करती. तू न्हाय करनार, तुला काय माहीत. मला कीव नगं कुणाची."

तिचं चूक होतं की बरोबर, ते ठरवत बसायला वेळ नव्हता. आमचा नंबर आला होता आणि तिला आत नेऊन झोपवायचं होतं. आतल्या मुलीनं विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, "मी." तिनं नातं विचारलं. आईच्या आधी मीच सांगितलं, आणि तेही जरा मोठ्यानं.